‘सुरू झालं की बघू’ : अनिश्चित काळात जगण्याचा अर्थ

॥ श्रीसद्गुरवे नमः ॥



या पंधरवड्याच्या अभ्यासाचा विषय आम्ही पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांतल्या कुटुंब-गटांकडून आलेल्या प्रश्नांवरून घेतला आहे. प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आले, पण रोख एकच होता. उद्याचं काहीच सांगता येत नाही, मग आज कशासाठी धडपडायचं? एका ताईंनी लिहिलं, ‘नामस्मरण चालू आहे, पोथी चालू आहे, पण सकाळी उठल्यावर दिवस रिकामा वाटतो.’ एका बंधूंनी जरा रागानेच लिहिलं, ‘अध्यात्माने बँकेचा हप्ता भरता येत नाही.’ दोघांचंही म्हणणं खरं आहे. म्हणून हा लेख उपदेश म्हणून वाचू नये. घरातल्या चार माणसांनी जेवणं आटोपल्यावर एकत्र बसून, थांबत थांबत, एकमेकांना विचारत वाचावा. एका बैठकीत संपला नाही तर दोन बैठका करा.

*१. आधी आपल्या डिचोलीकडे बघू*

अनिश्चितता म्हणजे काय हे शिकायला आपल्याला लांब जायला नको. डिचोली तालुक्यातल्या माणसाला ती पाठ आहे.

२०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज परदेशी जात होतं. साखळी, नावेली, आमोणे, सुर्ल, पाळी या भागातला रस्ता रात्रंदिवस ट्रकांनी भरलेला असायचा. मांडवीत बार्जेस चालायच्या. कोणी ट्रक घेतला, कोणी दुसरा घेतला, कोणी गॅरेज टाकलं, कोणी टायरचं दुकान, कोणी नाक्यावर चहाची टपरी. मग १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. २१ एप्रिल २०१४ च्या निवाड्याने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून दार पुन्हा किलकिलं झालं. लोकांनी ट्रक दुरुस्त केले, नवी कर्जं काढली. ७ फेब्रुवारी २०१८ ला पुन्हा निवाडा आला, ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि १६ मार्चपासून सगळं पुन्हा बंद. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव सुरू झाले, काही ठिकाणी काम चालू झालं, पण पहिल्यासारखं नाही.

एकाच माणसाच्या आयुष्यात, दहा वर्षांच्या आत, दोनदा जमीन पायाखालून सरकली. तीही त्याच्या हातून काही घडलं म्हणून नव्हे. तो फक्त ट्रक चालवत होता.

याची दुसरी बाजूही आपल्याच तालुक्यात आहे. शिरगाव, मुळगाव या गावांनी खाणीमुळे आटलेल्या विहिरी पाहिल्या, शेतात येऊन बसलेला लाल गाळ पाहिला. तिथल्या शेतकऱ्याला खाण सुरू होण्याची काळजी, शेजारच्या ट्रकवाल्याला ती सुरू न होण्याची काळजी. आपल्या बैठकीत दोघंही एकाच सतरंजीवर बसतात. त्यामुळे ‘परिस्थिती बदलू दे म्हणजे सगळं ठीक होईल’ असं सरसकट म्हणता येत नाही. एकाचं ठीक ते दुसऱ्याचं बिघडलेलं असू शकतं.

या काळात आम्ही सेवेसाठी घरोघर जात होतो तेव्हा एक वाक्य इतक्या वेळा ऐकलं, की लेखाला तेच नाव दिलं. ‘खाणी सुरू झाल्या की बघू.’ मुलीच्या कॉलेजचं? सुरू झाल्या की बघू. घराचं छप्पर गळतंय? सुरू झाल्या की बघू. भावाशी बोलणं बंद आहे, मिटवायचं का? तेसुद्धा सुरू झाल्या की! आता भावाशी बोलायला खनिज कशाला लागतं? पण माणसाचं मन असंच अडकतं. पैशाची वाट बघता बघता तो पैशाशी संबंध नसलेल्या गोष्टीही थांबवून ठेवतो.

*२. आता पेडण्याकडे*

पेडण्यात गोष्ट उलटी घडली. तिथे काही बंद पडलं नाही, तिथे नवीन आलं. मोपाच्या सड्यावर नोव्हेंबर २०१६ मध्ये विमानतळाची पायाभरणी झाली, ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली. पहिल्या टप्प्यातच वर्षाला ४४ लाख प्रवाशांची सोय. ज्या सड्यावर गुरं चरायची, पावसाळ्यात रानफुलं यायची, काजूच्या बागा होत्या, तिथे आता रात्रीसुद्धा दिवे असतात. जमिनींचे भाव चढले. कोणाला मोबदला मिळाला, कोणाला कमी वाटला, कोणाच्या घरात वाटणीवरून वाद झाले, कोणाच्या मुलाला तिथे नोकरी लागली.

आमच्या परिचयातल्या एका आजींची काजूची बाग त्यात गेली. मोबदला मिळाला, मुलाने घर नीट बांधलं, स्वयंपाकघरात सगळ्या सोयी झाल्या. कोणी म्हणेल, आता काय कमी आहे? पण मार्च महिना आला की आजी पहाटे उठून बसतात. चाळीसेक वर्षं त्या वेळी बोंडू वेचायला जायची सवय. बिया वेगळ्या करायच्या, वाळवायच्या, बोंडू रसासाठी द्यायचे. आता हात मोकळे. त्या आम्हाला म्हणाल्या, ‘पैसे आले गं, पण सकाळ गेली.’

लक्षात घ्या, डिचोलीत पैसा गेला आणि पेडण्यात पैसा आला. तरी दोन्हीकडून आम्हाला प्रश्न एकच आला : आता कशासाठी? याचा अर्थ, हा प्रश्न पैशाच्या असण्या-नसण्यावर पूर्ण अवलंबून नाही. इथून आपला अभ्यास सुरू होतो.

*३. ‘अर्थ’ या एका शब्दाचे तीन पदर*

आपल्या भाषेने एकाच शब्दात तीन गोष्टी बांधून ठेवल्या आहेत. घरातल्या मुलांना आधी विचारा, बघू किती सांगतात.

पहिला पदर : अर्थ म्हणजे पैसा, संपत्ती. अर्थमंत्री, अर्थसंकल्प हे शब्द रोज ऐकतो. धर्म, अर्थ, काम, मोक्ष या चार पुरुषार्थांत तो मानाने बसलेला आहे. त्याला तुच्छ मानायला आपल्या परंपरेने कधीच सांगितलं नाही. ज्या घरात चूल पेटत नाही तिथे प्रवचन देऊ नये, आधी तांदूळ द्यावेत.

दुसरा पदर : अर्थ म्हणजे आशय. ‘या शब्दाचा अर्थ काय’, ‘असं जगण्यात काय अर्थ आहे’ असं आपण म्हणतो तो.

तिसरा पदर शब्दाच्या शेपटाला लपलेला असतो : स्वार्थ, परार्थ, परमार्थ, सेवार्थ, धर्मार्थ. इथे अर्थ म्हणजे ‘साठी’. कोणासाठी, कशासाठी.

आता गंमत बघा. आपण समजतो की पहिला अर्थ आला की दुसरा अर्थ आपोआप येईल. पैसा आला की जगण्याला अर्थ येईल. पेडण्याच्या आजींनी दाखवलं की तसं होत नाही. दुसरा अर्थ येतो तो तिसऱ्यातून. ज्याला ‘कोणासाठी’ हे सापडलं, त्याच्या जगण्याला आशय येतो. मग पहिला अर्थ कमी असला तर त्रास जरूर होतो, पण माणूस रिकामा होत नाही.

ट्रकवाल्या बंधूंचं खरं नुकसान कुठे झालं तेही यावरून कळतं. ट्रक बंद पडला म्हणजे मिळकत बंद पडली, ते मोठं नुकसान आहेच. पण त्याच्यापेक्षा खोल घाव दुसरा. ‘मी घरासाठी कमावणारा’ ही त्यांची स्वतःशी असलेली ओळख ट्रकबरोबर अंगणात उभी राहिली. त्यामुळेच काही जण लग्नकार्याला जाईनासे झाले, कारण तिथे कोणीतरी विचारणारच, ‘सध्या काय चाललंय?’ काही घरांत बाटली आली. काही घरांत वडील आणि मुलगा एका छपराखाली राहून आठ-आठ दिवस बोलत नव्हते. वहिनींनी कोकम, पापड, लोणची करून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकून घर चालवलं, आणि त्याचीच लाज भाऊंना वाटली. खरं तर त्या घरात ‘साठी’ दोघांकडेही होतं. पण एकाने ते फक्त नोटांत मोजलं होतं.

*४. तारखेला टांगलेली आशा*

इथे एक परदेशातला दाखला घेऊ. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल (१९०५ ते १९९७). ज्यू असल्यामुळे १९४२ मध्ये त्यांना कुटुंबासह नाझींच्या छावणीत नेलं. पुढे आउश्वित्झसह आणखी छावण्यांत ते राहिले. आई, वडील, भाऊ आणि पत्नी सगळे त्यात गेले. १९४५ मध्ये सुटका झाली आणि १९४६ मध्ये त्यांनी आपल्या अनुभवांवर पुस्तक लिहिलं. त्यांच्या यातनांशी आपल्या अडचणींची तुलना मुळीच करायची नाही. पण त्यांनी जे पाहिलं त्यातून शिकता येतं.

छावणीतल्या माणसाला सगळ्यात जास्त काय पोखरतं? सुटका कधी, हे माहीत नसणं. फ्रँकल यांनी एक गोष्ट नोंदवली आहे. १९४४ च्या नाताळात आणि १९४५ च्या नव्या वर्षाच्या दरम्यान त्यांच्या छावणीत मृत्यूचं प्रमाण एकदम वाढलं. काम वाढलं नव्हतं, अन्न आणखी कमी झालं नव्हतं, नवी साथही आली नव्हती. तिथल्या डॉक्टरांच्या मते कारण वेगळंच होतं. पुष्कळांनी मनाशी धरलं होतं की नाताळला आपण घरी असू. नाताळ आला आणि गेला. आशा तुटली, त्याबरोबर शरीरानेही हात टेकले.

आता आपल्याकडचं आठवा. ‘चवथीपर्यंत सुरू होणार.’ ‘दिवाळीनंतर नक्की.’ ‘निवडणूक होऊ दे, मग बघ.’ ‘पुढची तारीख पडली आहे, त्या दिवशी निकाल.’ प्रत्येक तारखेला माणूस उभा राहिला आणि प्रत्येक तारीख गेल्यावर थोडा अधिक वाकला. म्हणून आशेचे दोन प्रकार नीट ओळखायला हवेत. एक आशा तारखेला टांगलेली असते, ती तारखेबरोबर पडते. दुसरी कोणाच्या तरी गरजेत रुजलेली असते. घरात दहावीची मुलगी आहे, तिला उद्या सकाळी उठवायचं आहे. शेजारच्या आजोबांना दवाखान्यात न्यायचं आहे. या गोष्टी न्यायालयाच्या तारखेची वाट बघत नाहीत.

फ्रँकल यांचं सांगणं थोडक्यात असं होतं, की आयुष्याकडून मला काय मिळणार हा प्रश्न उलटा करावा. आयुष्यच आपल्याला रोज काहीतरी विचारत असतं, आणि आपण वागून उत्तर द्यायचं असतं. अर्थ सापडण्याचे त्यांनी तीन मार्ग सांगितले. एक, हातून काही काम घडणं. दोन, कोणावर तरी प्रेम करणं, काही चांगलं अनुभवणं. आणि तीन, जे दुःख टाळताच येत नाही त्याला आपण कसे सामोरे जातो ते. तिसऱ्या मार्गात एक अट आहे, तीही नीट वाचा. ‘टाळता येत नाही’ ते दुःख. टाळता येण्याजोगं दुःख सोसत बसणं ही साधना नाही.

*५. आपल्या गोव्याचा दाखला*

दुसरा दाखला मोहन रानडे यांचा. सांगलीकडचा तरुण मराठी शिक्षक म्हणून गोव्यात आला आणि मुक्तिलढ्यात उतरला. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. २६ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात नेलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. आपण दर वर्षी तो दिवस साजरा करतो. पण त्या दिवशी रानडे सुटले नाहीत. ते सुटले १९६९ मध्ये, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावर आणखी सात वर्षांनी. पुढे त्यांनी ‘सतीचे वाण’ या पुस्तकात आपले अनुभव लिहिले.

घरातल्या मुलांना ही गोष्ट सांगा आणि एक प्रश्न विचारा. ज्या कामासाठी माणूस तुरुंगात गेला ते काम पूर्ण झालं, बाहेर सगळे गुलाल उधळत आहेत आणि हा मात्र परक्या देशात कोठडीतच आहे. त्याचं काम वाया गेलं का?

कोणीच ‘हो’ म्हणणार नाही. का नाही म्हणणार? कारण ते काम ‘स्वार्थ’ नव्हतं, ‘परार्थ’ होतं. झाड एकाने लावलं, फळ दुसऱ्याच्या अंगणात पडलं. गीतेतला निष्काम कर्माचा विचार आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे, पण पुष्कळदा त्याचा अर्थ ‘अपेक्षाच करू नये’ एवढाच घेतला जातो. अपेक्षा असणारच. शेतकरी पिकाची अपेक्षा न ठेवता पेरणी करत नाही. मुद्दा एवढाच, की पीक आलं नाही म्हणून पेरणं मूर्खपणाचं ठरत नाही. कामाची किंमत निकालावर नसते, ते कोणासाठी आणि कसं केलं यावर असते.

*६. मानस : खाजनाकडून शिकण्यासारखं*

पेडण्यात शापोरा आणि तेरेखोल या नद्यांच्या काठी खाजन शेती आहे. नदीचं पाणी भरतीला खारं होतं. ते शेतात शिरलं की भात गेलं. म्हणून आपल्या पूर्वजांनी बांध घातले आणि बांधात मानस ठेवली. शहरात वाढलेल्या मुलांनी मानस पाहिलेली नसते, म्हणून सांगतो. मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरती चढली की नदीच्या पाण्याच्या दाबाने ते दार आपोआप मिटतं आणि खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटी लागली की शेतात साचलेलं पाणी आतून दाब देतं, दार उघडतं आणि जास्तीचं पाणी नदीत निघून जातं.

नाव किती सुंदर आहे बघा. मनालाही आपण मानस म्हणतो.

भरती थांबवणं कोणाच्या हातात नाही. ज्याने बांध घातला त्याने नदीशी भांडण केलं नाही आणि नदीपुढे हातही जोडून बसला नाही. त्याने आपल्या बाजूचं काम केलं. आणि ते काम एकदा करून संपत नाही. खेकडे बांधाला भोकं पाडतात, पावसाने माती वाहते, दाराचं लाकूड कुजतं. म्हणून बांधावरून रोज फेरी मारावी लागते. भरती किती वाजता येणार हे तिथीवरून कळतं, पण बांध कुठे पोखरला आहे हे चालत गेल्याशिवाय कळत नाही.

आपली साधना ही अशी फेरी आहे. सकाळी दहा मिनिटं शांत बसून मन कुठे पोखरलंय ते बघायचं. मोबाईलवर आलेली प्रत्येक अफवा, ‘अमुक गावाची जमीन जाणार’, ‘तमुक तारखेला सगळं सुरू’, हे खारं पाणी. त्याला दार मिटलेलं हवं. आणि आत साचलेलं दुःख, राग, लाज यांच्यासाठी दार उघडायला हवं. घरच्यांशी, मित्राशी, गटातल्या कोणाशी तरी बोलायला हवं. पुष्कळ घरांत नेमकं उलटं झालेलं असतं. बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं काही बाहेर जात नाही. मग शेत खारं होणारच.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. घरातल्या कोणाची झोप उडाली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, ‘माझा काही उपयोग नाही’, ‘मी नसलो तरी चालेल’ असं बोलणं येत असेल, तर ते प्रवचनाने जाईल म्हणून थांबू नका. डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. गुरूंवर श्रद्धा असणं आणि डॉक्टरांकडे जाणं यात काहीही विरोध नाही.

*७. तीन गैरसमज*

पहिला : ‘नशिबात असेल ते होईल.’ आपल्याकडे देवळात कौल लावायची रीत आहे. श्रद्धेने कौल घेणाऱ्याला आम्ही नावं ठेवणार नाही. पण कौल बहुतेक वेळा ‘काय होईल’ हे विचारण्यासाठी घेतला जातो. साधकाचा प्रश्न ‘मी काय करू’ हा असतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी दुसरा उरतोच. प्रारब्धाने भरती येते, पण बांध पुरुषार्थाने उभा राहतो.

दुसरा : ‘ध्येय म्हणजे काहीतरी मोठं असलं पाहिजे.’ नाही. ज्यांचा ट्रक अंगणात उभा होता असे आमच्या ओळखीचे एक भाऊ आता शाळेचा बालरथ चालवतात. पूर्वीच्या मानाने मिळकत खूप कमी. सुरुवातीला ते ओळखीच्या रस्त्याने जायचं टाळत होते. एक दिवस त्यांनी सांगितलं, ‘आधी खेपा मोजायचो, आता पोरं मोजतो. उतरताना एक जरी कमी भरलं तर जीव खालीवर होतो.’ त्यांची आर्थिक ओढाताण संपलेली नाही, हप्ते अजून आहेत. पण त्यांचं ‘कोणासाठी’ रोज सकाळी दप्तर घेऊन रस्त्यावर उभं असतं. आणि त्या काजूच्या आजी? चवथीच्या आधी त्या गावातल्या मुलांना माटोळीला बांधायची रानफळं, पानं ओळखायला शिकवतात. कोणतं फळ कुठल्या बाजूला मिळतं, कोणतं खायचं आणि कोणतं नुसतंच बांधायचं, हे त्यांना पाठ आहे. सडा पूर्वीचा राहिला नाही, म्हणून ते ज्ञानही जाऊ द्यायचं का? बाग परत आली नाही, पण सकाळ थोडी परत आली.

तिसरा गैरसमज सगळ्यात धोक्याचा : ‘अध्यात्म म्हणजे मिळालं त्यात समाधान मानून गप्प बसणं.’ कोणाची जमीन गेली, कोणाची विहीर आटली, कोणाचं काम गेलं आणि त्याला आपण ‘समाधानी राहा’ म्हणून सांगितलं, तर ते सांत्वन नसून त्याचं तोंड बंद करणं झालं. ग्रामसभेत जाऊन प्रश्न विचारणं, मोबदल्यासाठी अर्ज करणं, खाणग्रस्तांसाठीच्या मदतीच्या योजनेचे कागद भरणं, बँकेत जाऊन हप्त्यांबद्दल बोलणं, हे सगळं स्वधर्मातच येतं. फक्त ते चाललेलं असताना उरलेलं आयुष्य थांबवून ठेवायचं नाही, एवढंच आपलं सांगणं आहे.

*८. या पंधरवड्याचा गृहपाठ*

(अ) एक कोरा कागद घ्या आणि तीन रकाने आखा : ‘माझ्या हातात नाही’, ‘थोडं हातात आहे’, ‘पूर्ण माझ्या हातात आहे’. घरातली प्रत्येक काळजी त्यातल्या एका रकान्यात लिहा. न्यायालयाचा निकाल, पाऊस, जमिनीचा भाव पहिल्यात. अर्ज, बँक, नवीन कामाची चौकशी, मुलांना शिकवायची दिशा दुसऱ्यात. आजचं बोलणं, आजचं जेवण, आजची व्यसनापासून दूर राहिलेली संध्याकाळ, आजची सेवा तिसऱ्यात. पुष्कळांना आढळेल की आपली झोप पहिला रकाना खातो आणि तिसरा कोरा पडलेला असतो.

(आ) ‘सुरू झालं की बघू’ असं म्हणून थांबवलेली, पण पैसे लागत नाहीत अशी एक गोष्ट निवडा. भावाला फोन, वडिलांशेजारी अर्धा तास बसणं, मुलाची माफी, सुटलेलं भजन. पंधरवड्यात ती एक गोष्ट करा.

(इ) घरातल्या प्रत्येकाने, लहान मुलांनीसुद्धा, एक वाक्य पूर्ण करावं : ‘मी उद्या सकाळी उठणार ते … साठी.’ कोणी कोणाच्या वाक्याला हसायचं नाही. ‘मांजराला दूध घालण्यासाठी’ असं नातवाने लिहिलं तर ते उत्तम उत्तर आहे.

(ई) बैठकीत कमावत्या माणसाला एक गोष्ट मोठ्याने सांगा : पैशाशिवाय त्याच्याकडून घराला काय मिळतं. पुष्कळ पुरुषांनी हे आयुष्यात कधी ऐकलेलं नसतं. तसंच घर सांभाळणाऱ्या बाईलाही सांगा. तिनेही ऐकलेलं नसतं.

गटप्रमुखांनी उत्तरं कोणाचीही नावं न घालता आमच्याकडे पाठवावीत. हप्ते, कर्ज, नोकरी यांबद्दल कोणाला कागदपत्रांची मदत हवी असेल तर तेही कळवा. आपल्यात बँकेतून निवृत्त झालेले, पंचायतीत काम केलेले बंधू आहेत, ते बसून फॉर्म भरून देतील. तीही सेवाच.

शेवटी एवढंच. डिचोली-पेडण्याचा शेतकरी मिरगाच्या तोंडावर बी पेरतो तेव्हा त्याला पाऊस किती पडेल हे माहीत नसतं. माहीत झाल्यावर पेरू म्हणणाऱ्याचं शेत पडीकच राहील. आपल्या हातात बी आहे, समोर माती आहे आणि घरात जेवणारी माणसं आहेत. पेरायला एवढं पुरेसं आहे.

सर्वांना सुबुद्धी, धीर आणि आरोग्य लाभो, ही सद्गुरूचरणी प्रार्थना.

आपल्या,
अभ्यास-सेवेतील भगिनी
पेडणे-डिचोली विभाग